बारा घरांचे बारा शब्द

साकवासाठी जमवलेले पैसे बुडाले ते साकवाच्या जागीच. दुसरीकडे कुठे बुडाले असते तर विनीतला निदान मान वर करून सांगता तरी आलं असतं. पण तो महाडच्या एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून सकाळी घरी येत होता. मोटारसायकल नेहमीसारखी पऱ्याच्या, म्हणजे गावच्या ओढ्याच्या, अलीकडे लावली, चपला हातात घेतल्या आणि पाण्यातल्या धोंड्यांवरून पाय टाकत निघाला. मधल्या शेवाळलेल्या धोंड्यावर तोल सावरायला वाकला आणि शर्टाच्या खिशातला फोन सुळकन पाण्यात गेला. ह्याच पऱ्यावर साकव, पायी ओलांडण्यापुरता छोटा पूल, व्हावा, पोरांना शाळेत जाताना दप्तर डोक्यावर घ्यायला लागू नये, म्हणून आंबेकोंडाने चार वर्षं पैसे जमवले होते. आणि त्या पैशांची किल्ली त्याच फोनमध्ये होती. देव थट्टा करतो तीसुद्धा जागा बघून करतो.

पैसे म्हणजे नोटा नव्हेत. पोलादपूरच्या वर डोंगरात वसलेल्या ह्या कोंडाची, म्हणजे वाडीची, निम्मी माणसं मुंबईत, काही आखातात आणि दोन-तीन पोरं जहाजांवर. त्यातल्या जहाजावरच्या रितेशने ही कल्पना काढली होती. जगात कुठूनही पैसे टाकता येतात असं एक अदलाबदलीचं जाळं आहे, त्यात कोंडाचं एक खातं उघडू, जो तो आपल्या देशातून त्यात भर घालील, असं त्याने गावदेवी सोमजाईच्या देवळात सभा भरवून सांगितलं. त्या सभेची आठवण विनीतला अजून हसवत असे. कोंडातले सगळ्यात मानाचे हैबतीतात्या टोपी सरळ करून म्हणाले होते, "ते सगळं झालं. पण याचा मॅनेजर कोण?"

"मॅनेजर नाय, तात्या. ब्लॉकचेन म्हणतात त्याला. हजारो कॉम्प्युटर एकमेकांचा हिशेब तपासतात. माणसं आपसात देवाणघेवाण करतात, मधे पेढीवाला नाय."

"मग उद्या काय बिनसलं तर शिव्या कोणाला घालायच्या?"

सभा तिथंच मोडायची. पण रितेशने पुढचं सांगितलं: खात्याची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द, एका ठराविक क्रमाने. बारा म्हटल्यावर सगळ्यांचे कान टवकारले. आंबेकोंडात मानाची घरं बारा. सोमजाईचा मुखवटा एका घरात, छत्र दुसऱ्या घरात, पालखीचा दांडा तिसऱ्या घरात, अशी देवीची एकेक वस्तू एकेका घरात सांभाळायची, ही पद्धत कधीपासूनची ते कोणाला ठाऊक नाही. बाराही वस्तू आल्याशिवाय देवी बाहेर पडत नाही. "म्हंजे हे आपलंच हाय की," दुसऱ्या मानाच्या घरातले गोमाजी मांडीवर थाप मारून म्हणाले, "साहेबास्नी आत्ता सुचलं!" आणि ठरलं. एका घराला एक शब्द. लिहून ठेवायचा नाही, घरातल्या एकाने ध्यानात धरायचा. त्या शिमग्यात पालखी ज्या ज्या अंगणात टेकली तिथे तिथे रितेशने त्या घरातल्या माणसाच्या कानात त्याचा शब्द सांगितला आणि जहाजावर निघून गेला. विनीत तेव्हा पाळीवर होता. लागोपाठच्या पाळ्यांमुळे त्याला तो शिमगा दिसलासुद्धा नाही. नंतर खातं असलेला फोन मात्र त्याच्या हाती आला.

तो का आला, हेही सांगायला हवं. विनीत हुशार होता म्हणून नव्हे. तो भागोजीचा होता म्हणून. भागोजी, म्हणजे त्याचा बाप, देवीच्या पैशांची पेटी आयुष्यभर सांभाळत आला होता, आणि एका नारळाचासुद्धा हिशेब कधी चुकला नाही. "भागोजीचा हाय" म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नसे. विनीतला पैशांपेक्षा ह्याचीच धास्ती होती. पैसे गेले तर साकव पुन्हा कधीतरी होईल. पण बापाने जन्मभर जपलेलं नाव आपल्या खिशातून पऱ्यात पडलं, हे तो कोणाला आणि कसं सांगणार?

वेळसुद्धा हातात नव्हता. त्या जाळ्यातल्या सभासदांची, म्हणजे जगभरच्या अनोळखी माणसांची, फोनवरच आपसात मोठी चर्चा होऊन मतदान झालं होतं. जुनी व्यवस्था बंद करून नवी उघडायची, महिनाअखेरपर्यंत ज्याने त्याने आपलं काढून नवीकडे न्यायचं, राहील ते अडकेल. रितेशचं जहाज कुठल्या समुद्रात होतं देव जाणे. त्याला केलेले मेसेज एका खुणेवरच थांबले होते, पोचलेच नव्हते.

विनीतने मग बायकोच्या, रूपालीच्या, फोनवरून त्या चर्चेच्या ग्रुपमध्ये आपलं गाऱ्हाणं टाकलं. चहा निवायच्या आत उत्तर आलं. मार्क नावाच्या कोणाचा खाजगी मेसेज होता, नावापुढे 'मदत कक्ष', शेजारी टायवाल्या माणसाचा फोटो. काळजी करू नका, म्हणाला. असं खूप जणांचं होतं. तुमचे बारा शब्द क्रमाने मला पाठवा, मी इथून खातं जोडून देतो. मात्र लवकर करा. विनीतच्या जिवात जीव आला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात; ही तर टायवाली काडी होती.

रविवारी सकाळी देवळात सभा बसली. विनीतने फोन पडल्याचं सांगितलं तेव्हा कोणी ओरडलं नाही, पण भागोजी उठून दाराजवळ जाऊन बसला, भिंतीला पाठ लावून. ते विनीतला ओरडण्यापेक्षा जड गेलं.

"पैसे गेले नायत," तो घाईघाईने म्हणाला. "फोन म्हणजे नुसतं दार हाय. बारा शब्द क्रमाने सांगितले की पुन्हा उघडतंय. त्यांचा माणूस लावून देतोय. सांगा एकेक, मी लिहून पाठवतो."

"सांगतो की," हैबतीतात्या म्हणाले. "पयला मान आमचा."

"नाय," गोमाजी बसल्या जागेवरून म्हणाले. "ह्या खेपेला पयलं आमचं घर."

सगळी सभा चपापली. ही दोन घरं सख्ख्या भावांसारखी; मानावरून त्यांच्यात कधी ब्र निघाला नव्हता. हैबतीतात्यांचा चेहरा उतरला. "गोमाजी, तुला मान पायजे झाला काय रे?"

"मान नको मला. पण पयलं आमचं घर घ्या."

"का म्हणून?"

"घ्या म्हणतो ना. का ते नका विचारू."

"मग माझा शब्द माझ्यापाशी ऱ्हाऊ दे," म्हणत हैबतीतात्या उठले आणि काठी टेकत निघून गेले. पहिलंच घर गेल्यावर बाकीच्यांनी तोंडं शिवली. देवीसमोर क्रम मोडून बोलायचं कोण? बनुबाई तर म्हणाली, "माझा पाचवा. चौथा बोलल्याबिगर मी हू का चू करायची नाय." विनीत हात जोडून फिरला, चिडला, शेवटी "मरा तिकडं" असंसुद्धा म्हणून गेला. इकडे रूपालीच्या फोनवर मार्क सारखा विचारत होता: झालं का? झालं का?

भागोजीने लेकाकडे एकदाच पाहिलं. "नवा फोन तरी आण जा," एवढंच तो म्हणाला.

विनीत रूपालीचा फोन खिशात घालून तणतणत महाडला गेला. बाजारात मुदस्सरचं मोबाइलचं दुकान होतं. मुदस्सर बरीच वर्षं आखातात होता. तिथून घरी पैसे पाठवायला तोही हेच जाळं वापरत असे, त्यामुळे ओळखीचं रूपांतर मैत्रीत झालं होतं. विनीतने आपल्या गावाला यथेच्छ शिव्या घातल्या. माणसं चंद्रावर गेली आणि आमच्याकडे अजून पयलं घर आणि दुसरं घर चाललंय, म्हणाला. मग मार्कचे मेसेज त्याच्यापुढे धरले.

मुदस्सरने ते वाचले आणि हातातला चहाचा ग्लास काउंटरवर ठेवला. "शब्द दिलेस?"

"कुठले देतो! एकाने तोंड उघडलं असेल तर शपथ."

"अल्लाचे आभार मान, विनीतभाऊ! अरे, चोर आहे हा. ज्या जाळ्याला मालक नाही त्याचा कारकून कुठून आला? बारा शब्द याच्या हातात पडले असते ना, तर तू दुकानाची पायरी उतरेपर्यंत खातं धुऊन नेलं असतं. माझ्या मावसभावाचं असंच गेलं. खरे लोक शब्द कधी मागत नाहीत."

विनीतने स्टूल ओढलं आणि त्यावर बसला. सकाळी हैबतीतात्या उठून गेले नसते, गोमाजीकाका हट्टाला पेटले नसते, तर आपण आपल्या हाताने, वर आभार मानून, सगळं त्या टायवाल्याला दिलं असतं. तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याच्यावर डोळे पुसायची वेळ आली. मुदस्सरने दुसरा चहा मागवला. त्या चहाची चव विनीतला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिली.

"आता नीट ऐक," नव्या फोनचं खोकं फोडत मुदस्सर म्हणाला. "शब्द कोणी कोणाला सांगायचा नाही. ज्याचा त्याने आपल्या बोटाने ह्या फोनमध्ये घालायचा. लिहून झाला की त्यावर ठिपके येतात, दुसऱ्याला दिसत नाही. फक्त क्रम चुकवू नका. क्रम चुकला तर बाराच्या बारा शब्द बरोबर असूनसुद्धा उघडणार नाही."

घरी येऊन विनीतने बापाला सगळं सांगितलं, मार्कसकट. भागोजीने डोळे मिटून सोमजाईच्या दिशेने हात जोडले. मग काठीने गुरं वळवावीत तसं, कोणाच्या हातापाया पडून, कोणाला दरडावून, त्याने दुसऱ्या दिवशी दुपारी सभा पुन्हा जमवली. हैबतीतात्यांना तो स्वतः घेऊन आला. "मान मोडायचा नाय," आल्या आल्या त्याने जाहीर केलं. "जसा नेमाचा क्रम तसाच. पयलं हैबतीदादाचं घर." गोमाजी काहीतरी बोलणार होते, पण हैबतीतात्यांकडे बघून "करा काय ते" म्हणाले.

देवीसमोर पाटावर फोन ठेवला. विनीत तोंड फिरवून बसला. एकेकाने यावं, देवीला नमस्कार करावा, आडवा हात धरून शब्द घालावा आणि उठावं. हैबतीतात्यांनी सावकाश घातला, गोमाजींनी फटाफट घातला. बनुबाईला इंग्रजी येत नव्हतं. तिने अक्षरांचे आकारच पाठ केले होते. डोक्यावरचा पदर फोनवर ओढून ती पुटपुटत होती, "ही खुर्ची, ही भाकरी, ही उभी काठी." भागोजीने स्वतःचा शब्द घातला तेव्हा विनीतला गंमत वाटली. एवढी वर्षं एका ताटात जेवूनसुद्धा आपल्या घराचा शब्द आपल्याला ठाऊक नाही.

बारावा शब्द पडला. फोनने नकार दिला. शब्द जुळत नाहीत.

पुन्हा सगळे आले, जपून, एकेक अक्षर तपासून. पुन्हा नकार. विनीत गर्रकन सभेकडे वळला. "कोणीतरी विसरलंय. देवाशपथ आठवा. कोणाचा चुकतोय?"

आणि तेव्हा विनीतच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. ह्या सभेत कोणी कोणावर ढकलत नव्हतं. एरवी एव्हाना पाचपंचवीस जणांनी एकमेकांची अक्कल काढली असती. पण सगळे खाली सारवलेल्या जमिनीकडे बघत होते. बायकांनी पदर तोंडाला लावले होते. जणू सगळ्यांना काहीतरी ठाऊक होतं आणि त्याला एकट्यालाच नव्हतं.

"मी म्हटलेलं," गोमाजी हळू आवाजात म्हणाले, "पयलं आमचं घर घ्या."

"काका, अजून मानच काढताय?" विनीत कडाडला. "इथं माझ्या बापाची..."

"त्याला बोलू नको, विनीत."

हैबतीतात्या उठून उभे राहिले होते. काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी देवीकडे बघितलं, सभेकडे बघितलं नाही.

"गोमाजी मानाचं बोलत नाय. तो माझी आब राखतोय. रितेशनं शब्द दिले त्या शिमग्याला आमच्या घरात सुतक होतं. सयाजी गेला तेव्हाचा शिमगा तो. पालखी आमच्या दारावरनं पुढं गेली, गोमाजीकडं पयली टेकली. सगळी घरं फिरून, सुतक फिटल्यावर, शेवटी आमच्याकडं आली. पयला शब्द गोमाजीचा. माझा बारावा." ते थांबले. "मला काल सकाळीच ठावं होतं. पण पयला मान आमचा म्हटलं की ते साल काढायला लागत नव्हतं. तोंडातनं निघतच नव्हतं रे."

सयाजी हैबतीतात्यांचा एकुलता एक मुलगा. ट्रकवर होता, कशेडी घाटात गेला. त्यानंतर चार वर्षं त्या शिमग्याचं नाव कोंडात तात्यांसमोर कोणी काढलं नव्हतं. अख्ख्या सभेला क्रम ठाऊक होता. पैसे बुडायची पाळी आली तरी तो म्हाताऱ्याच्या तोंडावर सांगायचं कोणाला झालं नाही. गोमाजीकाकांनी तर हट्टी आणि मानाचा हावरा म्हणवून घेतलं, पण ते एक वाक्य उच्चारलं नाही. विनीतला आपल्या कालच्या शिव्या आठवल्या आणि लाज वाटली. तो उठला आणि आधी गोमाजीकाकांच्या पाया पडला. "आता पुरे," त्याला वर ओढत ते म्हणाले. "बस जा, तोंड फिरव."

पुन्हा एकेक घर आलं. पहिले गोमाजी. बनुबाई आपली खुर्ची आणि भाकरी घेऊन आता चौथी आली. अकरा शब्द पडले. शेवटी हैबतीतात्या खाली बसले. त्यांनी फार वेळ घेतला, आणि कोणीही घाई केली नाही.

फोनवर हिरवी खूण आली. कोंडाचं खातं उघडलं.

कोणीतरी घंटेचा टोल मारला. पोरं बाहेर पऱ्याच्या दिशेने ओरडत पळाली, बनुबाईने विनीतच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. भागोजी मात्र आपला शब्द घालून पुन्हा दाराशीच जाऊन बसला होता. "हाय?" त्याने लांबूनच विचारलं.

"हाय, बाबा. सगळं हाय."

भागोजीने डोक्यावरची टोपी काढली आणि तिनेच तोंड पुसलं. मग तो भिंतीपासचा उठला आणि लोकांत येऊन बसला. त्या संध्याकाळच्या आत विनीतने मुदस्सरला फोनवर धरून, बारा जणांच्या देखत, कोंडाचं सगळं नव्या व्यवस्थेत नेऊन ठेवलं. कितीतरी दिवसांनी त्याला सडकून भूक लागली.

नव्या खात्याचे बारा शब्द नवे. तेही घरोघर जाऊन सांगायचे होते. सकाळी नारळ घेऊन विनीत निघाला तो सरळ हैबतीतात्यांच्या अंगणात. आता सुतक नव्हतं, नेमाचा क्रम नेमाने चालायला हवा होता. तात्या ओट्यावर बसले होते. आत त्यांची बायको तांदूळ निवडत होती.

"पयलं तुमचं घर, तात्या," विनीत म्हणाला.

तात्यांनी मान हलवली. "गोमाजीकडं जा. आमच्याकडं शेवटी ये."

"पण तात्या, मान..."

"मान ऱ्हाऊ दे. पयल्या घरात पालखी टेकते कितीशी? पुढं अकरा घरं वाट बघत असतात, नारळ फुटला की निघाली. त्या साली आमच्याकडं शेवटी आली. तिला पुढं जायचं नव्हतं कुठं. अख्खा कोंड ह्या अंगणात बसून ऱ्हायला. उठा म्हटलं तरी कोण उठेना. बनुबाईनं चूल पेटवली, हिला ताटावर बसवली." त्यांनी आत बघितलं आणि आवाज खाली आणला. "सयाजी गेल्यापासनं ती त्या दिवशी पयल्यांदा जेवली."

नारळ काखेत धरून विनीत गोमाजीकाकांच्या घराकडे वळला, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत गेला, की संध्याकाळी हैबतीतात्यांकडे या.